शिलरचे मेज

आमच्या पिढीतील साहित्याच्या विद्यार्थ्यांना वायमार हे नाव प्रथम कळले ते कालिदासामुळे. गेओर्ग फोर्स्टरने १७९१ साली केलेला ‘शाकुंतला’चा जर्मन अनुवाद वाचून गटे भारावून गेला आणि ‘फाउस्ट’च्या आरंभीच्या रंगभूमीवरील प्रवेशामागे शाकुंतलाच्या प्रस्तावनेची प्रेरणा आहे, हे आम्ही वर्गात ऐकले होते. पुढे कित्येक वर्षे मीही ते वर्गात सांगत आलो. उत्तम साहित्य माणसाला उत्तम करते, हे त्यामागचे गृहीत तपासून पाहावे असे कधी वाटले नाही. काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने जर्मनीस जाणे झाले, तेव्हा दोन दिवस राखून मी वायमार गाठले. मन यात्रेकरूचेच होते.

इल्म नदीकाठचे हे लहानसे शहर पायीच पाहावे. राष्ट्रीय नाट्यगृहासमोर रीटशेलने १८५७ साली घडविलेला गटे-शिलर यांचा जोडपुतळा आहे. शिलर प्रत्यक्षात बराच उंच होता. शिल्पकाराने दोघांना सारख्याच उंचीचे केले आहे. याच नाट्यगृहात १९१९ साली जर्मन प्रजासत्ताकाची घटना संमत झाली आणि त्याच वर्षी याच गावात बाउहाउस ही कलाशाळा स्थापन झाली. फ्राउएनप्लानवरील गटेच्या घरात दर्शनी दालने पुतळ्यांनी आणि चित्रांनी गजबजलेली आहेत. मागची लिहिण्याची खोली मात्र अगदी साधी. तिला लागूनच ती छोटी निजण्याची खोली, जिथे १८३२ साली त्याने देह ठेवला.

शिलरचे घर तेथून जवळच. १८०२ साली त्याने ते विकत घेतले आणि तीनच वर्षांनी तो तेथे वारला. वरच्या मजल्यावर त्याचे लिहिण्याचे मेज आहे. जुलमी सत्तेविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसाचे नाटक, ‘विल्हेल्म टेल’, त्याने याच घरात लिहून पुरे केले. त्या मेजापुढे मी बराच वेळ उभा राहिलो.

रात्री सोबत नेलेले एक पुस्तक चाळताना या मेजाची पुढची हकीकत कळली. १९४१ साली हिटलरने ‘विल्हेल्म टेल’ रंगभूमीवरून आणि शाळांतून हद्दपार केले. पुढच्याच वर्षी बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शिलरच्या घरातील सामानाच्या हुबेहूब प्रतिकृती करवून घेण्याचे ठरले. त्या तयार झाल्या बुखेनवाल्डच्या छळछावणीत, कैद्यांच्या हातून. नाटकावर बंदी आणि ते लिहिणाऱ्याच्या मेजाची इतकी काळजी!

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या बसने बुखेनवाल्डला गेलो. कैद्यांकडूनच बांधून घेतलेल्या रस्त्याने बस एटर्सबेर्गच्या टेकडीवर चढते. अंतर आठ-नऊ किलोमीटरांचे. १८२७ साली गटे एकरमानला बरोबर घेऊन याच टेकडीवर फिरायला आला होता. १९३७ साली तेथील झाडे तोडून छावणी उभारण्यात आली. ज्या एका ओक वृक्षाला कैदी ‘गटेचा ओक’ म्हणत, तो तेवढा राखला. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात तोही जळाला. आता बुंधा उरला आहे. आठ वर्षांत पावणेतीन लाखांहून अधिक माणसे येथे आणली गेली. त्यांतली सुमारे छप्पन्न हजार मेली.

फाटकाच्या लोखंडी जाळीत अक्षरे आहेत : ‘ज्याचे त्याला’. ती आतून वाचता येतील अशी बसविलेली आहेत. त्यांची घडण केली फ्रान्झ एर्लिश या कैद्याने. तो बाउहाउसचा विद्यार्थी होता. नाझींना तिटकारा असलेल्या त्या कलाशाळेचेच वळण त्याने अक्षरांना दिले. पहाऱ्यावरच्या लोकांना ते उमगले नाही. १६ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने वायमारच्या सुमारे हजार नागरिकांना ही छावणी पाहण्यासाठी टेकडीवर नेले. त्यांच्यात शिलर शाळेत पाठ केलेले कितीतरी असतील.

दुपारी परतलो तो आना आमालिया ग्रंथालयात गेलो. गटेने कित्येक वर्षे या ग्रंथालयाची देखरेख केली. २ सप्टेंबर २००४च्या रात्री त्याला आग लागली आणि सुमारे पन्नास हजार ग्रंथ नष्ट झाले. माणसांनी साखळी करून हातोहात पुस्तके बाहेर काढली. १५३४ सालचे ल्यूथरचे बायबल त्याच रात्री वाचले. मराठीत ‘वाचणे’ या एकाच क्रियापदाला दोन अर्थ आहेत. त्या दालनात ते दोन्ही एकदम जाणवले. ग्रंथ माणसांनी वाचवले होते. टेकडीवरच्या माणसांना ग्रंथ वाचवू शकले नव्हते.

त्यानंतर जितकी वर्षे शिकवले, तितकी वर्षे शाकुंतलाच्या गोष्टीबरोबर या मेजाचीही गोष्ट सांगत राहिलो. विद्यार्थी विचारीत, मग सर, साहित्य शिकायचे कशासाठी? उत्तम साहित्य माणसाला उत्तम करते, हे जुने उत्तर आता तोंडून निघत नसे. मी एवढेच म्हणे, की मेज जपणे सोपे असते; ज्याने मेज जपले त्यालाही नाटकाची भीती वाटत होती. तेव्हा मेजाला नमस्कार नंतर करा, आधी नाटक वाचा.