सहा नायट्रोजन, एका साखळीत

जून 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आलेला एक शोधनिबंध हाती लागला आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये! जर्मनीतल्या गीसन विद्यापीठात वेइयू चियान, आर्तुर मार्दियुकोव आणि पीटर श्राइनर यांनी सहा नायट्रोजन अणूंचा रेणू बनवलाय. त्यात कार्बन नाही, हायड्रोजन नाही, विद्युतभारही नाही. नुसता नायट्रोजन!

यात एवढं काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला समोर बसवूनच घेईन. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे आणि तो सगळा जोडीजोडीनं राहतो. त्या जोडीतला तिहेरी बंध तोडायचा तर मोलामागे सुमारे 945 किलोज्यूल ऊर्जा लागते. इतकी घट्ट जोडी सोडून हे अणू लांब साखळी कशाला धरतील? 1890 मध्ये कुर्टियस यांनी हायड्रॅझोइक आम्ल मिळवलं. त्यात तीन नायट्रोजन ओळीनं होते, पण सोबत हायड्रोजन होताच. 1999 मध्ये कार्ल क्रिस्टे यांच्या गटानं पाच अणूंचा रेणू साधला, तोही धनभारित. 2004 मध्ये माइन्झला एकेरी बंधांचं नायट्रोजनचं जाळं तयार झालं खरं, पण त्यासाठी हिऱ्यांच्या चिमटीत हवेच्या दाबाच्या दहा लाख पटींहून जास्त दाब द्यावा लागला.

आणि गीसनची कृती? सिल्व्हर अझाइडवरून कमी दाबाखाली क्लोरीन किंवा ब्रोमीनचा वायू सोडायचा, खोलीच्याच तापमानाला! हा हॅलोजन आधी एक अझाइड गट, म्हणजे तीन नायट्रोजनची ओळ, उचलतो, त्याची गाठ पुन्हा सिल्व्हर अझाइडशी पडते, चांदी हॅलोजनला घेऊन बाजूला होते आणि तीन-तीन नायट्रोजनचे दोन गट एकमेकांना जोडले जातात. (सिल्व्हर अझाइड स्वतःच भयंकर स्फोटक आहे. हे काम तरबेज हातांचंच.)

पुढची शर्यत वेळेशी. गणित सांगतं की 25 अंश सेल्सिअसला या रेणूचं अर्धायुष्य जेमतेम 36 मिलिसेकंद. तेवढ्यात त्याला 10 केल्विनच्या थंडीत, गोठलेल्या आर्गॉनमध्ये पकडायचं! त्यांनी पकडला. मग नेहमीच्या नायट्रोजनऐवजी नायट्रोजन-15 घालून पाहिला, तर अवरक्त वर्णपटातल्या रेषा आधी गणितानं सांगितल्या होत्या तशाच सरकल्या. हे वाचताना मी अक्षरशः टाळी वाजवली.

द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे 77 केल्विनला, हेच अर्धायुष्य 132 वर्षांवर जातं. तिथं त्यांनी आर्गॉनचा आधारही काढून घेतला आणि या रेणूचा निव्वळ पातळ थर मिळवला.

पण मला सगळ्यात भावली ती त्याच्या मोडण्याची रीत. साखळीच्या मधोमध, तिसऱ्या आणि चौथ्या अणूमध्ये, एकेरी बंध आहे. वाटतं, तुटेल तर इथंच. पण सहातून तीन जोड्या व्हायच्या तर तुटायला हवेत त्याच्या दोन्ही बाजूंचे बंध! हा मधला दुवा उलट आणखी आवळला जातो आणि तिहेरी होतो. या उलथापालथीत मोलामागे 185 किलोकॅलरी बाहेर पडतात, वजनाला वजन धरलं तर टीएनटीच्या दुपटीहून जास्त. आणि मागे उरतो तो फक्त नायट्रोजन वायू, हवेत आधीपासून आहे तोच. धूर नाही, काजळी नाही, कार्बन डायऑक्साइडचा कणही नाही!