स्टेशन खाली, गाव वर

फ्लोरेन्समधल्या बहुतेक हॉटेलांच्या काउंटरवर एका दिवसाच्या बससहलींची रंगीत पत्रकं असतात. ठरलेली लोकप्रिय सहल म्हणजे सिएना, सान जिमिन्यानो, कियांतीच्या टेकड्यांत जेवण, शेवटी पिसा. सगळं एका दिवसात. नकाशावर अंतरांची बेरीज केली की अडीचशे किलोमीटरच्या वर जाते. चार-साडेचार तास खुर्चीतच गेले. उरलेल्या वेळातून जेवण, स्वच्छतागृहं, सगळे आले का हे मोजणं वजा करा, म्हणजे सिएनाच्या वाट्याला किती येतं ते दिसतं. सिएनाचा कॅथेड्रल नीट पाहायचा तर त्याच्या फरशीवरच्या चित्रांपाशीच तास जातो.

*

बस की ट्रेन, हा प्रश्न इटलीत निम्म्याहून अधिक भूगोलाचा आहे. मध्य इटलीतली जुनी गावं डोंगरमाथ्यावर वसली. शत्रू लांबून दिसावा आणि खालच्या दलदलीतल्या हिवतापापासून सुटका व्हावी, ही त्यामागची दोन मोठी कारणं. रूळ आले एकोणिसाव्या शतकात, आणि इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून ते नदीच्या खोऱ्यांतून गेले. त्यामुळे स्टेशन खाली आणि गाव वर. वेळापत्रकात दोन्हींचं नाव एकच असलं तरी मधल्या दोन-चार किलोमीटरची सोय काय, हे पाहिल्याशिवाय तिकीट काढू नये.

ओर्व्हिएतोची सोय उत्तम. स्टेशनसमोरचा रस्ता ओलांडला की कड्यावर चढणारी फ्युनिक्युलर उभी असते. ही चढणीची गाडी पहिल्यांदा सुरू झाली 1888 मध्ये. रोमहून साधारण सव्वा तासाचा प्रवास, आणि वर गेल्यावर कॅथेड्रलमध्ये सिन्योरेल्लीने रंगवलेली जगाच्या अंताची भित्तिचित्रं. असिसीचं स्टेशन खालच्या सपाटीवर, सांता मारिया देल्यी आंजेलीपाशी आहे. तिथून गावाची बस मिळते. कोर्तोनासाठी कामुचाला उतरायचं आणि वर जाणाऱ्या बसची वाट पाहायची, रविवारी तर जास्तच. लुक्का मात्र सपाटीवर. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर तट. चार किलोमीटरचा हा तट आता झाडांनी भरलेला रस्ता झाला आहे. त्यावरून चालत किंवा सायकलवर गावाला पूर्ण फेरी मारता येते. घरातल्या कुणाला एकट्याने ट्रेनने जायची धास्ती वाटत असेल, तर पहिली सहल लुक्काची करावी.

*

सिएनाला ट्रेनने जाता येतं, दीड तास लागतो. स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, तिथून सरकत्या जिन्यांची लांबलचक रांग वर नेते. पण फ्लोरेन्सहून सिएनाला जाणारी साधी सार्वजनिक बस थेट वर, जुन्या गावाच्या कडेलाच सोडते. तिथे मी ट्रेनचा हट्ट धरणार नाही. आपल्याकडे एस.टी. जशी कुणालाही विचारून पकडता येते तशीच ही.

*

तिकिटांचं गणित इथे ट्रेनच्या बाजूने फिरतं. वेगवान गाड्यांची, म्हणजे फ्रेच्चारोस्सा आणि खासगी इतालोची तिकिटं आधी काढली तर स्वस्त, आयत्या वेळी महाग. रेजोनाले, म्हणजे प्रादेशिक गाडी, तिला आरक्षण नाही आणि भाडं आधी काढा की आयत्या वेळी, तेच. म्हणून पिसा, लुक्का, अरेत्सो कधी करायचं हे सकाळी खिडकीतून आभाळ पाहून ठरवता येतं. पाऊस असेल तर संग्रहालय, ऊन असेल तर लुक्काचा तट. पत्रकातल्या सहलीचे पैसे भरलेले असले की पाऊस असो, पाय दुखत असोत, निघावंच लागतं.

एक मात्र लक्षात ठेवायचं: रेजोनालेचं कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. तिकीट असूनही शिक्का नसला तर दंड होतो. मोबाइलवरच्या तिकिटाचंही चेक-इन करावं लागतं.

*

स्टेशनवरच्या फलकावर गाडीचं शेवटचं ठिकाण लिहिलेलं असतं, आपलं गाव नव्हे. ओर्व्हिएतोला निघालेला माणूस फलकावर ओर्व्हिएतो शोधत बसला तर गाडी निघून जाईल. गाडीचा नंबर पाहायचा. गाडीच्या नंबरानेच फलाट शोधणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगायलाही नको. फ्लोरेन्सचं नाव तिथे फिरेन्झे असतं, नेपल्सचं नापोली. आणि फलाटाचा आकडा बऱ्याचदा गाडी यायच्या थोडं आधीच लागतो, तोवर सगळे इटालियनही मान वर करून उभे असतात.

*

पॉम्पेई. रोमहून बसने सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. काही सहलींत वर अमाल्फीचा किनाराही जोडलेला असतो. ट्रेनने रोम ते नापोली सव्वा तास. खाली उतरून चिर्कुमवेझुव्हियाना नावाची लोकल पकडायची, ती पस्तीस-चाळीस मिनिटांत अवशेषांच्या दाराशी सोडते. ही लोकल जुनी, गच्च भरलेली आणि उन्हाळ्यात तापलेली असते. पाकीट जपावं लागतं. डोंबिवली-ठाण्याहून रोज प्रवास केलेल्या माणसाला तिची भीती वाटायचं कारण नाही.

पण पॉम्पेईत मार्गदर्शक हवाच, असं माझं ठाम मत आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलेलं हे गाव अजूनही साधारण एक तृतीयांश जमिनीखालीच आहे, तरी उघडं झालेलं एवढं मोठं आहे की एकट्याने फिरताना सगळ्या भिंती सारख्या दिसू लागतात. दगडी रस्त्यातले उंच ठोकळे पावसाच्या पाण्यातून रस्ता ओलांडायला होते, त्यांमधल्या फटींतून गाड्यांची चाकं जात. काउंटरमध्ये बसवलेली गोल मडकी खानावळीची. हे कुणी दाखवलं की त्या रस्त्यांवर माणसं दिसायला लागतात. त्यासाठी रोमपासून बसमध्ये बसायची मात्र गरज नाही. ट्रेनने जावं आणि परवानाधारक मार्गदर्शक तिथेच दोन-तीन तासांसाठी घ्यावा. प्रवास आपला, माहिती त्याची. इटलीतल्या पुष्कळ ठिकाणी मला हाच मार्ग सर्वांत योग्य वाटतो, आणि पत्रकांत तो कुठेच छापलेला नसतो.

नोव्हेंबर 2024 पासून पॉम्पेईत दिवसाला 20,000 लोकांची मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव लागतं. तेवढं मात्र आधीच काढलेलं बरं. वेळ कमी असेल तर त्याच लोकलवर अलीकडे एर्कोलानो आहे. ते आटोपशीर, आणि तिथे दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूडसुद्धा टिकलंय.

*

चिंक्वे तेर्रेची बससहल पाहून आश्चर्य वाटलं. समुद्राला लागून कड्यावर चिकटलेली ती पाच गावं. मोठी बस तिथे जाऊच शकत नाही. बस ला स्पेत्सियापर्यंत नेते आणि तिथून सगळ्यांना लोकल ट्रेनमध्येच बसवते. गावं जोडणारी ती लोकल कुणालाही मिळते.

*

पिसाला जाणाऱ्यांसाठी: लुक्काच्या गाडीवर पिसा सान रोस्सोरे नावाचं छोटं स्टेशन आहे, मनोरा तिथून काही मिनिटांवर. मुख्य स्टेशनवरून वीस-पंचवीस मिनिटं चालावं लागतं. सकाळी पिसा, दुपारी लुक्का, संध्याकाळी परत. मनोरा 1990 ते 2001 बंद होता, तो आणखी कलू नये म्हणून पायाखालची माती काढत होते. आता वर चढायला वेळ ठरवून तिकीट मिळतं.

*

बसचा कायदा. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर चालकाला 45 मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, दिवसभराच्या तासांनाही मर्यादा आहे. मार्गदर्शक घड्याळ दाखवत घाई करतो तेव्हा त्यामागे बहुधा हे असतं. कायदा चांगला आहे. रात्रीच्या घाटात पेंगणाऱ्या चालकामागे बसून प्रवास केलेल्या कुणालाही तो पटेल. फक्त आपण तिथे आणखी अर्धा तास मागू शकत नाही, हे समजून बसमध्ये चढावं.

*

आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर माझं उत्तर वेगळं. सत्तरीतल्या माणसाला जिना चढून दुसऱ्या फलाटावर धावायला लावणं बरोबर नाही. प्रादेशिक गाड्यांच्या पायऱ्या काही ठिकाणी उंच असतात, स्टेशनची लिफ्ट कधी बंद असते. बसमध्ये सामान खाली ठेवलेलं, औषधाची पिशवी हाताशी, आणि महाराष्ट्रातून निघालेल्या सहलीत मराठी बोलणारा सहलप्रमुख, संध्याकाळी वरणभात. रक्तदाबाची गोळी आणि रात्रीचं जेवण यांची काळजी मिटली की माणूस चित्रांकडे मन लावून पाहतो. हे सुख कमी लेखू नये. त्यांनाही चालावं लागतंच. जुन्या गावांच्या मध्यभागी मोठ्या बसला प्रवेश नसतो, वेशीबाहेर उतरून दगडी रस्त्यावरून जायचं असतं. सहल ठरवताना हे अंतर किती, हा प्रश्न आधी विचारावा.

*

मिलानमधलं लिओनार्दोचं ‘शेवटचं भोजन’ हे चित्र: पंधरा मिनिटं आत राहता येतं, तिकिटं फार लवकर संपतात. ती हुकली तर मार्गदर्शकासह मिळणारी सहल घ्यावी, जास्त पैसे द्यावे.

*

संप. रेल्वेचे संप इटलीत बरेच होतात, पण ते आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळात ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. त्या वेळा साधून जाणं-येणं जमतं. विमानाच्या दिवशी संप आला तर मात्र आदल्या दिवशीच त्या शहरात पोचावं.

*

अरेत्सो. फ्लोरेन्सहून रोमकडे जाणाऱ्या बहुतेक वेगवान गाड्या त्याला बाजूला टाकून जातात, रेजोनाले तासाभरात पोचवते. बससहलींच्या पत्रकांत हे गाव क्वचितच. सान फ्रान्चेस्कोच्या चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने खऱ्या क्रुसाची कथा भिंतभर रंगवली आहे. त्यात झोपलेल्या सम्राट कॉन्स्टंटाइनचा तंबू आहे, वरून उतरणाऱ्या देवदूताच्या उजेडात पहारेकरी अर्धे अंधारात. रात्रीचा उजेड असा रंगवलेला मी याआधी पाहिला नव्हता. बघून झालं, बाहेर चौकात कॉफी घेतली, आणि आतल्या एका घोड्याचा रंग आठवेना म्हणून दुसरं तिकीट काढून पुन्हा आत गेले. सहलीसोबत असते तर ते जमलं नसतं.

*

व्हाल दॉर्चा. सायप्रेस झाडांच्या रांगा, गव्हाच्या टेकड्या, पिएन्झा, मोंताल्चीनो. पिएन्झा म्हणजे दुसऱ्या पायस पोपने आपलं जन्मगाव 1459 पासून नव्याने बांधवून घेतलं ते. रोजच्या उपयोगाची रेल्वे इथे नाही, बस विरळ. गाडी भाड्याने घेऊन चालवायची नसेल तर इथे सहल घ्यावी, छोटी, आठ-दहा माणसांची. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या: प्रत्येक गावात प्रत्यक्ष किती वेळ, प्रवेश तिकिटं धरली आहेत का, आणि वाइन चाखण्याच्या दीड तासात ती न घेणाऱ्याने काय करायचं. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणारी सहल मिळाली तर ती घ्यावी. शाकाहारी जेवणाची चौकशी त्याच फोनवर होते. पेकोरीनो चीज पिएन्झाचंच, आणि पिची नावाच्या जाड शेवया लसूण-टोमॅटोत मिळतात.