वाटेनं वळण कुणासाठी घेतलं

विरारच्या फुलपाड्यातून सायकल काढली की दोन दिशा असतात. पूर्वेकडे जावं तर जीवदानीचा डोंगर, त्याच्या कुशीतलं पापडखिंडीचं धरण आणि चंदनसारवरून महामार्गाला लागणारा धुरळ्याचा रस्ता. पश्चिमेकडे जावं तर आधी रिक्षांच्या रांगा, भाजीच्या हातगाड्या आणि विरार लोकलसाठी धावणारी माणसं यांतून वाट काढायची, उड्डाणपुलाच्या चढावर सीटवरून उठून पेडल मारायचं; पलीकडे उतरलं की थेट समुद्रापर्यंत जमीन सपाट. गियरचं कामच नाही. दूधवाल्याची ती काळी, दणकट, बिनगियरची सायकल या पट्ट्यात कधी कमी पडली नाही, ती यामुळेच.

निघायची वेळ वारा ठरवतो. शाळेत सगळ्यांनीच मतलई वारे आणि खारे वारे यांतला फरक लिहून दोन गुण मिळवलेले असतात; त्या धड्याचा उपयोग इथे होतो. थंडीच्या दिवसांत पहाटे जमीन समुद्रापेक्षा गार असते, वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो आणि आगाशीपर्यंत पाठीशी राहतो. उन्हं चढून जमीन तापली की तो तोंड फिरवतो आणि परतीलाही पाठराखणीला येतो. उशिरा उठणाऱ्याला मात्र जाताना तो छातीवर घ्यावा लागतो.

बोळिंज ओलांडेपर्यंत इमारती पाठ सोडत नाहीत. नंदाखालच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी मोठा रस्ता सोडून वाडीतल्या वाटेला लागलं की आधी कातडीला कळतं: हवा बदलली. दोन्ही बाजूंना केळी, माड, पानवेली, मध्येच एखादा पांढरा क्रूस आणि त्याच्या पायाशी विझलेली मेणबत्ती. वाट इतकी अरुंद की समोरून टेम्पो आला तर कुणीतरी एकाने शेजारच्या अंगणात शिरायचं. आणि वळणं तरी किती! शंभर पावलं सरळ गेली तर वाटेला चैन पडत नाही. मोटारीतला माणूस अशा वाटेवर हॉर्नवर हात ठेवून वैतागत जातो. सायकलवाला घंटी वाजवतो, पाय थांबवतो, फ्रीव्हील नुसतं कटकटत राहतं आणि वळणापलीकडे काय आहे ते हळूहळू उलगडत येतं.

अशाच एका वळणावर सायकल स्टँडला लावली. वाट तिथे काटकोनात डावीकडे वळून लगेच उजवीकडे येत होती, जणू मध्ये कुणी बसलं आहे. वाकून पाहिलं तर खाली बावखल, वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. काठ बांधलेले नाहीत, एका अंगाने मातीचा उतार, दुसऱ्या अंगाने माडाची मुळं थेट पाण्यात. पाण्यावर शेवाळाची हिरवी साय, ती फाटली होती तेवढ्या जागेत आभाळ. काठावर जुन्या रहाटाचा दगडी चौथरा. रहाट गेला, बैल गेला, चौथऱ्यावर आता मोटारपंप बसलाय आणि त्याच्या निळ्या पाइपाच्या सांध्याला सायकलची जुनी ट्यूब करकचून बांधलेली. पलीकडे एक म्हातारी सोनचाफ्याची फुलं केळीच्या पानात रचत होती.

“काय हरवलं काय?” तिने विचारलं.

“नाही आजी. वाट इथेच एवढी का वळलीय, ते बघतोय.”

“बावखल आधीचं,” ती मान वर न करता म्हणाली. “वाट मागनं आली.”

त्या एका वाक्यात इथला सगळा भूगोल आहे. समुद्र हाकेच्या अंतरावर, जमिनीखाली खारं पाणी टपलेलं. अशा ठिकाणी गोडं पाणी टिकवायचं तर पावसाचं पाणी अडवून मुरवावं लागतं. बावखल तेच करतं. चार महिने भरून घेतं, आठ महिने वाडीला देतं, आणि त्यातून झिरपलेलं पाणी खाऱ्या पाण्यावर भार ठेवून त्याला वर येऊ देत नाही. उपसा वाढला, बावखल बुजलं, की विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि त्यामागोमाग केळीचं पान कडेने करपतं. वाडीवाल्यांनी पाण्याला आधी जागा दिली, मग झाडांना, मग घराला. उरल्या जागेतून वाट गेली. ती देखणी दिसते, कारण ती कुणीही देखणी करायला गेलं नाही.

वाट मागून येण्याची ही रीत फक्त इथलीच नाही. इंग्लंडमधल्या खेड्यापाड्यांतल्या सायकलवाटांचं जगभर कौतुक आहे. सायकलवरून भटकणाऱ्यांचा क्लब तिथे १८७८ सालीच निघाला. ब्रिस्टल ते बाथ हा बंद पडलेला रेल्वेमार्ग १९७९ ते १९८६ या काळात सायकलींसाठी मोकळा झाला, सुमारे २१ किलोमीटरचा. पुढे देशभर अशा वाटांचं जाळं विणलं गेलं. पण कॅलेंडरवर जी वाट छापतात ती ही रेल्वेची सरळ वाट नव्हे. ती असते दोन शेतांच्या मधली, दोन्हीकडे हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांची जिवंत वई असलेली, नागमोडी. तिथेही शेताच्या हद्दी आधीच्या, वाट मागची. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठी यंत्रं फिरवायला जागा हवी म्हणून अशा वया मैलोन्‌मैल उखडल्या गेल्या, तेव्हा लोक जागे झाले. १९९७ साली नियम आला: गावाकडची जुनी वई स्थानिक प्राधिकरणाला कळवल्याखेरीज काढता येणार नाही. त्यांनी कुंपण राखलं, वळण आपसूक राहिलं.

आपल्याकडेही लोक जागे झाले होते. वसई-विरारच्या नियोजनासाठी १९९० साली सिडको आली, त्याच सुमारास हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांना बाकी महाराष्ट्र २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. इथल्या वाडीवाल्यांना ते पाण्यासाठी आणि हिरवाईसाठी रस्त्यावर उतरलेले आठवतात. २००९ साली महापालिका झाली. वाड्या काही राहिल्या, काही गेल्या. गेलेल्या वाडीची खूण सोपी: तिथे रस्ता सरळ होतो.

आगाशीत थंडीत सुकेळी मिळते. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, वर सुक्या पानाची गुंडाळी. पान सोडवलं की आत मधाच्या रंगाचं, बोटांना चिकटणारं केळं. दोन खाऊन पाणी प्यायलं की पुढचं अंतर निघतं. एप्रिल २०२५ पासून तर ही वाट विरारला संपतही नाही. मारंबळपाड्याच्या जेट्टीवरून रो-रो बोटीत सायकल चढवायची, वैतरणेची खाडी ओलांडून खारवाडेश्रीला उतरायची. रस्त्याने साठेक किलोमीटरचा वळसा, पाण्यावरून दीडच. पुढे कोरे, एडवण, मथाणे, उसरणी करत केळव्याच्या सुरूच्या बनापर्यंत जाता येतं. तिकडच्या वाटा अजून वळतात. पण ज्या बोटीतून सायकल उतरते तिच्यातूनच मोटारीही उतरतात, आणि मोटारवाल्याची पहिली मागणी रस्ता रुंद करा हीच असते.

म्हणून या भागात सायकलसाठी वेगळी हिरवी पट्टी रंगवा, निसर्गरम्य मार्गाचे फलक लावा, असलं काही मला मागायचं नाही. बावखलं बुजवू देऊ नका, एवढंच मागणं. पाणी राहिलं तर वाडी राहील, वाडी राहिली तर वाटेला वळावंच लागेल, आणि एवढी वळणं असली की मोटारही मुकाट्याने सायकलच्या वेगाने चालते.