एका कावळ्याचा ताळमेळ

आमच्या चुडाव्याला दोन गोष्टी मुबलक. एक ऊन आणि दुसरा धोत्रा. उकिरड्यावर धोत्रा असा माजतो, की हेच पीक घेतलं असतं तर पीककर्जं वेळेवर फिटली असती असं वाटावं. पण धोत्र्याच्या जोरावर माणूस डॉक्टरेट मिळवू शकतो, हे मला बी. कॉम. होईपर्यंत ठाऊक नव्हतं.

कॉलेजात असताना नांदेडच्या फुटपाथवर एक फाटक्या कव्हराचं इंग्रजी पुस्तक पाच रुपयांना घेतलं. लेखक कार्लोस कास्टानेडा. हे गृहस्थ लॉस एंजेलिसला कॅलिफोर्निया विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकत होते. १९६० साली मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ बसच्या थांब्यावर त्यांना डॉन हुआन नावाचा याकी जमातीचा म्हातारा भेटला. तिकडे ज्याला शामान म्हणतात तो. आपल्याकडचा देवऋषी म्हणा, भगत म्हणा. (आमच्या थांब्यावर मला आजवर फक्त विमा एजंट भेटलेत. ज्याचं त्याचं नशीब!) म्हाताऱ्याने त्यांना शिष्य केलं. मग धोत्र्याचा लेप लावून हे उडाले आणि चिलीम ओढून चक्क कावळा झाले. आमच्याकडे धोत्रा खाल्लेला माणूस सरकारी दवाखान्यापलीकडे उडाल्याचं ऐकिवात नाही.

पण मी भारावलो. एकटा मी नव्हे, अख्खी अमेरिका भारावली होती. १९६८ साली पहिलं पुस्तक विद्यापीठाच्याच प्रकाशनाने काढलं. तिसऱ्या पुस्तकाचा मजकूर थोड्याफार फरकाने प्रबंध म्हणून चालला आणि १९७३ साली स्वारी डॉक्टर झाली. त्याच वर्षी 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर!

पुढे बँकेत चिकटलो आणि दृष्टी बदलली. बँकेत माणूस आधी केवायसी बघतो, मग तोंड. इथे तर केवायसीचीच बोंब! हे सांगत, माझा जन्म ब्राझीलचा, १९३५चा. सरकारी कागद म्हणत, पेरू देशातलं काहामार्का, १९२५. वयात दहा वर्षांचा आणि पत्त्यात एका देशाचा फरक! फोटो काढू द्यायचे नाहीत, आवाज टेप करू द्यायचे नाहीत. आमच्या मॅनेजरसाहेबांनी अशा इसमाला भरणा स्लिपसुद्धा दिली नसती.

रिचर्ड डी मिल नावाच्या माणसाने १९७६ साली पुस्तक लिहून खरं ऑडिट केलं. तारखा मांडल्या. एका पुस्तकात शिष्य ज्या काळात कोरा दिसतो, त्याच काळात दुसऱ्या पुस्तकात त्याला सगळं उमगलेलं. हा आमचा धंदाच! दोन लेजरांत एकच नोंद वेगळी दिसली की शिपायालाही कळतं, पाणी मुरतंय. त्यावर कडी म्हणजे ग्रंथालयाच्या मागणीचिठ्ठ्या. वाळवंटात गुरूसमोर बसल्याचा दिवस म्हणावा, तर स्वारी ग्रंथालयात दुसऱ्याने लिहिलेला तोच अनुभव वाचत बसलेली! आणखी एका प्राध्यापकाने विचारलं, सोनोराच्या वाळवंटात भर उन्हाळ्यात हे दोघे भटकतात कसे? हा प्रश्न चुडाव्याच्या कोणत्याही पोराला मे महिन्यात सुचला असता. डॉन हुआन काही कोणाला सापडला नाही.

इथवर हसू येतं. पुढे येत नाही. कास्टानेडा १९९८च्या एप्रिलमध्ये यकृताच्या कर्करोगाने गेले. जगाला जवळजवळ दोन महिने पत्ता नव्हता. मृत्यूच्या दाखल्यावर 'अविवाहित'. लग्न तर १९६०चं! आणि त्यांच्याभोवतीच्या काही बायका, घरदार तोडून आलेल्या, त्याच सुमारास नाहीशा झाल्या. एकीची हाडं २००३ साली डेथ व्हॅलीच्या वाळवंटात मिळाली. ओळख पटायला २००६ उजाडलं. ही नोंद कुठल्या खात्यात टाकायची?

मी हे सगळं एवढ्या तोऱ्यात सांगतो खरा, पण गेल्या वर्षी आमच्या अण्णांची ट्रंक उघडली आणि तोरा उतरला.

अण्णा रेल्वेत गँगमन. मी पहिलीत असताना दिव्यांच्या अवसेला मला सडकून ताप भरला. तेव्हा अण्णा म्हणे रात्रीच्या अंधारात नदीपल्याड एका म्हाताऱ्या देवऋष्याकडे गेले. त्याच्या खांद्यावर घुबड. त्याने काळा दोरा मंतरून दिला आणि सांगितलं, "पोराला म्हणावं, आता भ्यायचं नाही." ही गोष्ट मी शंभरदा ऐकली. तो दोरा बारावीपर्यंत दंडावर होता. त्याच्या जिवावर अंधारात एकटा शौचाला गेलो, गणिताच्या मास्तरांसमोर उभा राहिलो.

ट्रंकेत अण्णांच्या खिशातल्या डायऱ्या निघाल्या. सवयीने मी ते वर्ष काढलं, अवस काढली. पेन्सिलीत लिहिलेलं : 'रात्रपाळी. डॉक्टर, इंजेक्शन १२ रु. काळा दोरा २५ पैसे.'

रात्रपाळी! म्हणजे नदी नाही, घुबड नाही. सव्वाबारा रुपयांत सगळा मामला. दुसरा कोणी असता तर मी तिथल्या तिथे लाल शाईने गोल केला असता. पेन खिशाला होतं. हात काही गेला नाही.

शेवटी आईजवळ गेलो. ती शेंगा फोडत होती. म्हटलं, "आई, नदीपल्याडचा तो म्हातारा खरंच होता का गं?"

"असंल की. तुझे अण्णा खोटं कशाला बोलतील?"

"तू पाह्यला होता का?"

"मी कुठून पाहणार? पण एकदा म्हणले, म्हातारा आज जेवायला येणाराय. दोन भाकरी जास्तीच्या थापल्या व्हत्या मी."

"मग आला?"

"न्हाई बा."

"मग भाकरी?"

"तूच खाल्ल्यास की. तापातून नुकता उठला व्हतास."