रोमची चित्रनगरी

रोम शहरी चार दिवस राहून व्हॅटिकनचे वस्तुसंग्रहालय न पाहता परत आलेला मनुष्य आमच्या वाचकांस क्वचितच भेटला असेल. तसा एक मनुष्य आम्ही, व दुसरे आमचे बापूकाका. २०१८ च्या मे महिन्यात आमचे अकरा माणसांचे कुटुंब युरोपच्या प्रवासास गेले होते. रोममधील तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ जणांनी मायकेल अँजेलोने रंगविलेल्या छताचा रस्ता धरला. काकांचे गुडघे दुखतात, त्यांच्यापाशी कोणी तरी थांबले पाहिजे, अशी सबब सांगून आम्ही दोघे मागे राहिलो. मंडळी दृष्टीआड होताच काकांचे गुडघे बरे झाले, आणि आम्ही भुयारी रेल्वेचे स्थानक गाठले. आम्हांस जावयाचे होते चिनेचित्ता येथे.

इटालियन भाषेत चिनेचित्ता म्हणजे चित्रनगरी. भुयारी रेल्वेच्या 'अ' मार्गावर, आग्नेयेच्या टोकाकडून दुसरे स्थानक त्याच नावाचे आहे. पायऱ्या चढून वर आले की तुस्कोलाना रस्त्यावर समोरच तिचे प्रवेशद्वार दिसते. ही नगरी मुसोलिनीने १९३७ च्या एप्रिलमध्ये उघडली. शस्त्रांपेक्षा चित्रपट प्रभावी आहे हे त्याने पक्के ओळखले होते. पुढे महायुद्ध आले. १९४४ नंतर काही वर्षे, ज्या मंडपांत खोटे राजवाडे उभारले जात तेथे खरे निर्वासित संसार मांडून राहिले. ते गेल्यावर अमेरिकन पैसा आला, आणि १९५९ साली जगाने पाहिलेल्या 'बेन हर'मधील रथांची शर्यत ह्याच आवारात धावली.

एवढा इतिहास घरी सांगितला असता तर कोणी नाक मुरडले नसते. परंतु आम्हांस ओढ होती ती 'बेन हर'ची नव्हती. १९६२ साली जेम्स बाँड नावाचा इंग्रज हेर पडद्यावर आला व त्याने अमाप पैसा मिळविला. त्याचे पाहून १९६४ ते १९६७ च्या सुमारास रोमच्या निर्मात्यांनी स्वस्तातल्या हेरपटांचा सपाटा लावला. बाँडचा क्रमांक शून्य शून्य सात, तेव्हा ह्यांच्या हेराचा शून्य सात सात! इटली, स्पेन व फ्रान्स येथील निर्माते वर्गणी काढल्यासारखे भांडवल जमवीत. नायक म्हणून एखादा मागे पडलेला अमेरिकन नट आणीत. जाहिरातीत दिग्दर्शकाचे नावही इंग्रजी धाटणीचे घालीत. सेर्जियो ग्रिएको हा 'टेरेन्स हॅथवे' होई, तर आंतोनियो मार्गेरिती 'अँथनी डॉसन' म्हणून मिरवी. चित्रणाच्या वेळी प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोले, आणि आवाज मागाहून दुसऱ्यांचे भरीत. ओठ एक बोलतात व कानी दुसरेच येते, ही त्या बोलपटांची खूणच होऊन बसली.

असल्या बोलपटांचा नाद आम्हांस काकांनी लावला. त्या नादाची एक हकीकत आहे, आणि ती आम्ही आजवर कोणास सांगितली नव्हती.

आमचे तीर्थरूप अण्णा संस्कृतचे प्राध्यापक होते. काका त्यांचे धाकटे भाऊ. १९६० साली आजोबा वारले, तेव्हा अण्णांचे एम. ए. व्हावयाचे होते. काकांनी अठराव्या वर्षी कॉलेज सोडले व कारकुनी पत्करली. त्या पगारावर अण्णा शिकले, नावारूपास आले, आणि काका जन्मभर 'प्राध्यापकसाहेबांचे बंधू' राहिले. घरात ह्याविषयी कोणी कधी बोलले नाही. काकांच्या गादीखाली बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा असत. आणि त्याविषयी मात्र सगळे बोलत.

१९८४ च्या उन्हाळ्यात आमच्याकडे एका रात्रीपुरता भाड्याचा व्हिडिओ संच आला. वडीलधाऱ्यांकरिता प्रभातचा 'संत तुकाराम' लावण्यात आला. माजघरातील दिवा मालवल्यावर काकांनी व आम्ही आवाज अगदी बारीक करून दुसरी फीत लावली. ती होती 'ओके कॉनरी', १९६७ सालचा इटालियन हेरपट. बाँडचे काम करणारा शॉन कॉनरी ह्या निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून त्यांनी एडिंबरोहून त्याचा धाकटा भाऊ नील ह्यालाच उचलून आणले होते! हा नील भिंतींस गिलावा करणारा कारागीर. बोलपटातही त्याचे नाव डॉक्टर नील कॉनरी, व सरकार त्याला बोलावते ते थोरला भाऊ मोकळा नाही म्हणून. काका तोंडावर उपरणे धरून हसत होते. "अरे, हा तर आपल्या आळीतला!" असे ते म्हणाल्याचे आम्हांस स्पष्ट आठवते.

इतक्यात अण्णा पाठीशी येऊन उभे राहिले. "हे कोणी आणले?" त्यांनी विचारले. ती फीत दुकानातून आम्हीच हट्टाने निवडली होती. काका तर नको म्हणत होते. आमचे वय चौदा. आम्ही म्हणालो, "काकांनी." अण्णांनी संच बंद केला. "बापू, तुझ्याकडून आणखी कसली अपेक्षा करावी!" एवढेच बोलून ते निघून गेले. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फीत डबीत घातली व आम्हांस निजावयास सांगितले.

चित्रनगरीत वाटाड्याबरोबर आवार हिंडवितात. हिरवळीवर जमिनीतून वर आलेले एक प्रचंड स्त्रीमस्तक आहे. ते फेल्लिनीच्या १९७६ सालच्या 'कॅसानोव्हा'करिता घडविलेले. त्याचा आवडता पाच क्रमांकाचा मंडप बाहेरूनही डोळ्यांत भरतो. पुढे प्राचीन रोमचा चौक लागतो. २००५ साली दाखविलेल्या 'रोम' ह्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी तो उभारला होता. देवळे, खांब, कमानी, दगडी फरसबंदी. आदल्या दिवशी पाहिलेल्या खऱ्या भग्नावशेषांहून हेच रोम अधिक खरे वाटते. काकांनी एका खांबावर टिचकी मारली. खांब पोकळ वाजला. मागे जाऊन पाहतो तो सारी भव्यता लोखंडी पहाडाच्या आधाराने उभी.

काका बराच वेळ खांबावरून हात फिरवीत राहिले. "गिलाव्याचे काम उत्तम आहे," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "त्या बोलपटाचा शेवट काय झाला रे? आपला अर्धाच राहिला."

चौतीस वर्षांनी हा प्रश्न आला! आम्ही तो बोलपट मागाहून दोनदा पूर्ण पाहिला होता; काकांस तो दाखवावा असे आम्हांस एकदाही सुचले नव्हते. एका कमानीच्या सावलीत बसून आम्ही त्यांस शेवट सांगितला. दुष्टांपाशी एक चुंबकीय यंत्र असते. ते चालू झाले की सारी यंत्रे व बंदुका निकामी होतात. तेव्हा धाकटा कॉनरी आपल्या तिरंदाज सोबत्यांस घेऊन येतो, व बंदुकांच्या युगातील लढाई धनुष्यबाणांनी जिंकतो. काकांनी मांडीवर थाप मारली.

हे बोलपट थोर कला आहेत असा आमचा दावा नाही. त्यांतील स्त्रिया बहुधा शोभेपुरत्या असतात, आणि पूर्वेकडील माणसे गर्दीपुरती. पण त्यांस हसताना आमच्यासारखे शिष्ट लोक एक गोष्ट विसरतात. श्रीमंत बाँडपटांचाही संसार उसनवारीवरच चालला होता. १९६३ च्या बाँडपटाची नायिका दानिएला बियांची ही रोमचीच मुलगी, आणि १९६५ च्या बाँडपटातील खलनायक आदोल्फो चेली हाही इटालियन. दोघांचेही आवाज इंग्रजीत दुसऱ्यांनीच भरले. पुढे हीच दोघे 'ओके कॉनरी'त आली, आणि बाँडचा वरिष्ठ व त्याची चिटणीस ह्यांची कामे करणारी बर्नार्ड ली व लोइस मॅक्सवेल हीदेखील आली. नट तेच, युक्त्या त्याच. थैली मात्र लहान. थोरल्या घरी ज्यास वैभव म्हणावयाचे, त्यासच धाकट्या घरी थेर म्हणावयाचे, असा हा न्याय आहे. आणि इंग्रजी प्रतीत बिचाऱ्या नीलच्या तोंडी त्याचा स्वतःचा आवाजही नाही. बोलले ते दुसऱ्यानेच.

ह्या शेवटच्या वाक्यापाशी आम्ही अडखळलो. त्या रात्री काकांच्या तोंडी अपराध कोणी घातला, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणालो, "काका, ती फीत मी निवडली होती. अण्णांस मी खोटे सांगितले."

"मला काय ठाऊक नाही?" काका म्हणाले. "मी तिथेच होतो की! चल, ऊन चढले."

अण्णा २००६ सालीच गेले. त्यांच्यापाशी कबुली देण्याची वेळ आम्ही कधीच दवडली होती. परतताना गाडीत काका खिडकीशी बसले. रुळांशेजारी पाहण्याजोगे काही नव्हते, भुयाराचा अंधारच होता. पण ते पाहत राहिले.

संध्याकाळी मुक्कामी मंडळी जमली. सगळ्यांच्या तोंडी त्या छताचे वर्णन होते. आमच्या सौभाग्यवतींनी काकांच्या धुळीने भरलेल्या वहाणांकडे पाहिले व विचारले, "गुडघे दुखत होते ना? कोठे गेला होता तुम्ही? हे काकांचेच काही तरी असणार."

"नव्हे," आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "काकांस मीच नेले. स्वस्तातले हेरपट निघाले ते गाव पाहावयास. माझीच हौस."

काकांनी मान वर केली नाही. त्यांनी आपल्या बशीतील अर्धी पुरणपोळी, पुण्याहून डब्यातून आणलेली, मोडून आमच्या बशीत ठेवली.