पाय निघत नाही तेव्हा

सेकंड शिफ्ट सुटल्यावर नवलाख उंबऱ्याहून तळेगावला येणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये फारसं कुणी बोलत नाही. मेंटेनन्समधला एक तरुण सहकारी माझ्या शेजारी बसायचा. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. एका रात्री त्यानं इअरफोनचं एक टोक माझ्या हातात दिलं. "दादा, हे ऐका."

गायक-गीतकार प्रतीक कुहाडचं 'कोल्ड/मेस' होतं ते. 2018 साली आलेली, सहाच गाण्यांची इंग्रजी ध्वनिमुद्रिका. सिनेमाचा टेकू नाही, मोडत चाललेल्या नात्याबद्दलची. "निम्मं इंग्रजी डोक्यावरून जातं," तो म्हणाला, "पण निघायचंय आणि पाय निघत नाही, एवढं कळतं." मला त्या सहा गाण्यांचं याहून नेमकं वर्णन कुठेच मिळालेलं नाही.

गावात आम्ही काही जण गाणी ऐकायला जमतो. तिथे मी ते लावलं. एक जण कॉलेजात गिटार वाजवायचा. तो म्हणाला, सहाही गाणी एकाच थानातून फाडल्यासारखी आहेत. गाणं शिकवणाऱ्या काकूंचा आक्षेप वेगळाच होता: "सुरात आहे. पण विरह म्हणतोस, तर हा स्वरावर थांबत का नाही?" कुणीतरी 'गारवा' लावायला सांगितलं. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेंचा आवाज; आमच्या पिढीचं दुखणं त्या पावसातच भिजलेलं. तिथे दुःखाला पाऊस सोबत करतो. कुहाडकडे ती सोबत नाही. दोन थकलेली माणसं आहेत, बस्स.

एकसुरीपणाचा आक्षेप मला मान्य आहे. मन तेच तेच घोकतं म्हणून गाणीही सारखी, हा बचाव मी करणार नाही. त्यावर कुठलंही कच्चं गाणं खपवता येईल. पण हा गायक कुणावर ठपका ठेवत नाही आणि रडवेपणाही आणत नाही. हा संयम कमावलेला असतो, आणि परीक्षणात त्याची नोंद व्हायलाच हवी.

समीक्षकांना अनेकदा गाण्याआधी गोष्ट लागते. 'बॉन इव्हेर' या अमेरिकन बँडच्या पहिल्या अल्बमचं तसंच झालं. प्रेमभंगानंतर त्याचा गायक जस्टिन व्हर्नन 2006-07च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या केबिनमध्ये एकटा राहिला, ही कथा अल्बमला जी चिकटली ती सुटलीच नाही. 'कोल्ड/मेस'ला अशी केबिन नव्हती. त्या रिकाम्या जागेत ऐकणाऱ्यानं स्वतःचं मोडलेलं लग्न ठेवलं.

मग 2019च्या अखेरीस बराक ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत 'कोल्ड/मेस' हे शीर्षकगीत आलं, आणि आमच्याच गटातला सूर बदलला. काहीतरी असणारच त्यात, म्हणायला लागले. मला राग आला. गाणं तेच होतं की! बसमधला तो पोरगा तर दुखावलाच. "ओबामांना आवडलं म्हणून नाही हां ऐकत मी," हे त्यानं मला दोनदा बजावलं.

एका बैठकीला मी त्याला घेऊन गेलो. काकूंनी थांबण्याचा मुद्दा पुन्हा काढला, तसं त्यानं सरळ विचारलं, "थांबायचं म्हणजे कसं, काकू? दाखवा ना." काकूंनी एकाच ओळीवर पाचेक मिनिटं गाऊन दाखवलं. तो मान खाली घालून ऐकत होता.

"भारी आहे," तो म्हणाला, "पण रात्रीच्या बसमध्ये मला तेच लागेल."

"मग बसमध्ये ते ऐक," काकू म्हणाल्या, "आणि रविवारी माझ्याकडे ये."