वर्गणीदार हाच खरा मालक

आपल्या वस्तीत धंद्याचे नाव काढले की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, ‘आपल्याजवळ भांडवल कुठे आहे?’ आणि दुसरे, ‘ते आपले काम नाही, पोराला नोकरी लागली म्हणजे झाले.’ नोकरीने आपल्या दोन पिढ्यांना हात दिला, हे आम्ही नाकारत नाही. आम्ही स्वतः बी.कॉम. होऊन कारकुनीच करतो. पण गडचांदूरसारख्या सिमेंटच्या गावात राहणाऱ्याला दिसते ते असे की कारखान्यात कायम नोकरी थोड्यांना, कंत्राटी काम पुष्कळांना, आणि गेटबाहेर चहाची टपरी, वेल्डिंग, पंक्चर, खानावळ, शिलाई यांवर कितीतरी घरांची चूल पेटते. या घरांसाठी आम्ही सहा मित्रांनी आठ पानांचे एक छोटे मासिक काढले. त्यात फक्त धंद्यापाण्याची माहिती. दोन वर्षांत त्यातून जे शिकलो, ते वाचक बंधु-भगिनींपुढे ठेवतो.

धंदा आपला नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एक गोष्ट नेहमी सांगतो. बडोद्याहून परतल्यावर, नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहाराबद्दल सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार कोणत्या जातीचा, हे कळताच गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो व्यवसाय बंद पडला. ज्यांनी पुढे १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, त्यांच्याकडे ज्ञान कमी नव्हते. बाजाराची दारे बंद होती. आज ती दारे काही प्रमाणात किलकिली झाली आहेत, पण कुठली कडी कशी काढायची ते कुणी सांगत नाही. ते सांगणे हेच आमच्या मासिकाचे काम.

उदाहरणे देतो. सूक्ष्म व लघु उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू झाली. ती पूर्ण मोफत आहे, तरी तिच्यासाठी पैसे मोजून आलेली माणसे आम्हाला भेटतात. दुसरे, केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्राच्या खात्यांच्या व कंपन्यांच्या एकूण वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योजकांसाठी ठेवला आहे. आपल्या जिल्ह्यातील वेस्टर्न कोलफिल्ड्स ही केंद्राचीच कंपनी. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचे केंद्रीय हक्क मिळतात, म्हणून हा वाटा आपलाही आहे. तिसरे, २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे अडवता येत नाहीत. अडवले तर चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते.

पण कायद्याच्या माहितीपेक्षा जास्त उपयोग झाला तो एका साध्या लेखाचा. विषय होता, ‘आपली मजुरी धरा.’ शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका ताईंचा हिशोब त्यात दिला होता. एका गणवेशाचे ३५० रुपये येतात. कापड २१०, धागा-बटण-वीज मिळून २०. उरले १२०. ताई म्हणत, १२० रुपये नफा. आम्ही विचारले, एका गणवेशाला वेळ किती? त्या म्हणाल्या, अर्धा दिवस जातो. मग दुसरीकडे अर्धा दिवस मशीनवर बसलात तर काय मिळेल? त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, म्हणजे एवढे दिवस मी नफा मोजतच नव्हती, मजुरीच मोजत होती.” त्यांनी कापड ठोक भावाने चंद्रपूरहून आणायला सुरुवात केली आणि पुढच्या हंगामात भावही थोडा वाढवून घेतला.

दुसऱ्याला हिशोब शिकवणाऱ्याने आपला हिशोब लपवू नये, म्हणून वर्ष संपले की शेवटच्या पानावर आम्ही मासिकाचा जमाखर्च छापतो. पहिल्या वर्षी ३१० वर्गणीदार, प्रत्येकी १२० रुपये, म्हणजे ३७,२०० रुपये. जाहिराती २२,०००. एकूण जमा ५९,२००. छपाई, कागद, टपाल मिळून खर्च ६६,०००. तूट ६,८००, ती आम्ही सहा जणांनी वाटून भरली. छापलेल्या ५०० प्रतींपैकी १९० ओळख व्हावी म्हणून फुकट वाटल्या होत्या.

दुसरे वर्ष सुरू होताना एका मोठ्या ठेकेदाराचा निरोप आला. वर्षाचा सगळा खर्च ते देणार, पहिल्या पानावर त्यांची जाहिरात राहील. आणि हो, ते ४५ दिवसांचे प्रकरण पुन्हा छापू नका. त्यांच्याकडे पैसे अडकलेल्यांत आमचेच काही वर्गणीदार होते. आमच्यापैकी एक जण म्हणाला, “बंद पडण्यापेक्षा एक लेख गेला तर काय बिघडते?” म्हणणे खोटे नव्हते. घरभाडे, पोरांच्या फिया सांभाळून खिशातून तूट भरणे सोपे नसते. दोन रात्री बैठक चालली.

त्या बैठकीत ‘मूकनायक’ची आठवण निघाली. ३१ जानेवारी १९२० रोजी ते पाक्षिक निघाले. बाबासाहेब सरकारी कॉलेजात प्राध्यापक, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. पैसे देतो म्हटले तरी ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब लंडनला गेले आणि १९२३ मध्ये पत्र बंद पडले. वाणिज्य शिकलेल्या माणसाला यात एक धडा दिसतो. भांडवल एकदाच मिळते, रोजचा गाडा मात्र वर्गणीदाराच्या पैशावर चालतो. आपल्या विदर्भातही मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी १९१० मध्ये नागपुरात स्वतःचा छापखाना घातला आणि पुढे ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ अशी पत्रे काढली. छापखाना आपला असला की काय छापायचे ते दुसरा ठरवत नाही.

आम्ही ठेकेदारांना नाही म्हणून कळवले. त्यांच्या ओळखीच्या दोन दुकानांच्या जाहिरातीही गेल्या. जाहिरातीचे उत्पन्न १४,००० वर आले. फुकट प्रती बंद केल्या, ४०० च छापल्या, खर्च ५८,००० वर आणला. रविवारी सायकलवर वस्त्या पालथ्या घातल्या. काहींनी वर्गणी तीन हप्त्यांत दिली, एका खानावळवाल्या मावशींनी सुटे नाणे मोजून दिले. वर्गणीदार ३८५ झाले, म्हणजे ४६,२०० रुपये. शिल्लक २,२००.

हा नफा नव्हे. ताईंचा हिशोब आम्हालाही लागू आहे. लिहिणे, तपासणे, घड्या घालणे, टपालात टाकणे ही आमची मजुरी धरली तर अजून तोटाच आहे. बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने विनावेतन एकहाती लिहिले, तेही पत्र १९२९ मध्ये थांबले. केवळ त्यागावर कुठलेही काम कायम चालत नाही. म्हणून आमचे पुढचे गणित ठरले आहे. आणखी चारशेक वर्गणीदार झाले तर वस्तीतल्या एका शिकलेल्या मुलीला दरमहा तीन हजार रुपये देऊन हे काम तिच्याकडे सोपवता येईल.

तुमच्या घरी टपरी असो, शिलाई असो की भाजीची गाडी, एक दोन रुपयांची वही करा आणि आजपासून त्यात आपली मजुरी लिहा. आणि जे पत्र तुमच्या उपयोगाचे आहे, त्याची वर्गणी वेळेवर भरा. ती देणगी नाही. त्या पत्रात काय छापायचे आणि काय नाही, यावरचा तो तुमचा मालकी हक्क आहे.